एअरगनचे स्क्रू आणि लॉकटाइट: कुठे, कोणतं, किती

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक नववीतली मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. बालेवाडीच्या रेंजवर ती शिकते. गावाकडे गेल्यावर सराव चालू राहावा म्हणून घरी स्प्रिंगची साधी एअर रायफल आहे, तिच्यावर छोटी दुर्बीण बसवलेली. म्हणाली, "काका, चार छर्रे एका जागी बसतात आणि पाचवा दोन बोटं डावीकडे जातो. माझाच हात हलतोय का?"

रायफल रिकामी आहे हे आधी बघून घेतलं, मग दुर्बीण मुठीत धरून हलकेच पिळली. केसभर हलली. माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीच्या पट्टीवर धरून ठेवणारी पकड, सैल होता. वडील म्हणाले, "असं कसं होईल? दुकानात बसवून घेतानाच लॉकटाइट लावून घेतलंय." लॉकटाइट म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव. मी षटकोनी एलन-चावी घातली, जोर दिला, आणि स्क्रू फिरायच्या ऐवजी चावीच भोकात गरकन फिरली. स्क्रू सिमेंटात रोवल्यासारखा घट्ट, आणि त्या स्क्रूने ज्याला धरून ठेवायचं तो माउंट सैल.

मुलीचा हात अगदी स्थिर होता, हे मी तिला आधी सांगितलं. त्या वयात आपल्यालाच नेम जमत नाही असं एकदा मनात बसलं की ते काढायला वर्ष जातं. मग तो स्क्रू काढायला मला पाऊण तास लागला. बसवणाऱ्याने लाल लॉकटाइट लावलं होतं, आणि स्क्रू पुरता आवळलेला नव्हता.

भोसरीत टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढल्यावर हे पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बोलतोय ते ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनबद्दल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार यांना परवाना लागत नाही, त्यामुळे त्या बऱ्याच घरांत असतात आणि त्यांचे स्क्रू घरीच आवळले जातात.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती अशी, की स्क्रू ही एक स्प्रिंग असते. आपण स्क्रू आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि परत आखडायच्या धडपडीत दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या दाबावर. लॉकटाइट हा दाब निर्माण करत नाही. तुम्ही दिलेला ताण ते जसाच्या तसा सांभाळतं, बस. ताण अपुरा असेल तर तो अपुरा ताणच सांभाळतं. त्या मुलीच्या रायफलीत नेमकं हेच झालं होतं.

मग नीट आवळलेला स्क्रू आपोआप सैल का होतो? पूर्वी समज असा होता की उभे धक्के बसून आटे हळूहळू उलटे फिरतात. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने एक यंत्र बनवून दाखवून दिलं की खरा चोर वेगळा आहे. दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं जणू नाहीसं होतं, आणि ताणलेला स्क्रू स्वतःच्याच ताणाने उलटा फिरतो. प्रत्येक सरकण्यात थोडा, पुन्हा थोडा. युंकरच्या नावाची ती चाचणी आजही वापरली जाते, आणि आपण मोठ्या विश्वासाने घालतो ते कापलेलं स्प्रिंग वॉशर त्या चाचणीत फारसं टिकत नाही. आट्यांमध्ये मुळात बारीक फट असते, नाहीतर स्क्रू आत जाणारच नाही. त्या फटीमुळे आडवं सरकायला वाव मिळतो. लॉकटाइट ती फट भरून टाकतं, त्याचं मुख्य काम हे.

आता स्प्रिंगच्या एअर रायफलीत काय होतं ते बघा. घोडा दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो, त्यामुळे रायफल मागे येते. लगेच पिस्टन पुढे दाबल्या गेलेल्या हवेच्या गादीवर आदळतो आणि रायफल पुढे झटका खाते. मागे आणि पुढे, दोन्ही दिशांना, डोळ्याचं पातं लवायच्या आत. दुर्बीण, माउंट, दस्त्याचे (खांद्याला टेकवायच्या भागाचे) स्क्रू, सगळ्यांना दर छर्ऱ्याला हा दुहेरी हिसका बसतो. शिवाय नळी खाली दुमडून रायफल लोड करताना दस्त्याच्या पुढच्या दोन स्क्रूंवर आडवा जोर येतो. म्हणजे युंकरने यंत्रात मुद्दाम केलं ते इथे रोज शंभर वेळा होतं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलींना असा हिसका जवळजवळ नसतोच. तिथे स्क्रू सैल होतात ते हाताळणीने, सारख्या ॲडजस्टमेंटने. म्हणून दोन्हींचा उपाय एक नाही.

आधी मार्करची रेघ

लॉकटाइटची बाटली उघडण्याआधी एक काम करा. स्क्रू आवळा, आणि त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर जाईल अशी बारीक रेघ पांढऱ्या पेंट मार्करने ओढा. मार्कर नसेल तर नेलपॉलिश चालतं. मग शे-दोनशे छर्रे मारा आणि रेघ बघा.

रेघ तुटली असेल, म्हणजे डोक्यावरचा तुकडा आणि बाजूचा तुकडा आता एका ओळीत नसतील, तर स्क्रू फिरलाय. हे लॉकटाइटचं काम.

रेघ सलग आहे, पण चावी लावल्यावर स्क्रू अलगद पाव फेरा आणखी जातो? मग स्क्रू फिरलेला नाही, त्याच्या खालचं काहीतरी बसलंय. लाकडी दस्त्यात हे फार होतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढी ओल असते की लाकूड फुगतं, आणि एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की तेच लाकूड आकसतं. पावसाळ्यात आवळलेला स्क्रू उन्हाळ्यात सैल लागतो, कारण त्याने दाबून धरलेलं लाकूडच पातळ झालंय. ताण गेला, पण स्क्रू जागचा हलला नाही. इथे जगातलं सगळ्यात भारी लॉकटाइट ओतलंत तरी उपयोग शून्य. उलट नुकसान, कारण ऋतू बदलल्यावर स्क्रू पुन्हा जरासा आवळायचा असतो आणि तुम्ही त्याला जागेवर चिकटवून ठेवलेला असतो. इथे उपाय म्हणजे डोक्याखाली रुंद, वाटीच्या आकाराचं वॉशर, जमल्यास लाकडाच्या भोकात धातूची नळी बसवून घेणं, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. आणि वर्षातून दोनदा तपासणी.

एवढी साधी रेघ बहुतेक जण ओढत नाहीत याचं मला वाईट वाटतं. माझ्याकडे "स्क्रू सैल होतो" म्हणून येणाऱ्या रायफलींपैकी कितीतरींचा रोग लाकडाचा असतो आणि औषध स्क्रूला दिलेलं असतं.

बाटलीत काय असतं

आपण सरसकट लॉकटाइट म्हणतो ते एका कंपनीचं नाव. वस्तूचं नाव थ्रेडलॉकर, आणि ते बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, आपल्याकडच्याही. लॉकटाइटची गोष्ट अशी की अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली एका विचित्र द्रवावर काम केलं. तो द्रव हवेत असेपर्यंत पातळ राहायचा आणि हवा तुटली की घट्ट व्हायचा. त्याआधी तो टिकवायला त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. क्रीबल यांनी तो बाटलीत राहील असा केला. १९९७ पासून हे नाव जर्मनीच्या हेन्केलकडे आहे. याच हेन्केलचा चिकट-पदार्थांचा मोठा कारखाना २०२० पासून आपल्या दौंड तालुक्यात, कुरकुंभला आहे.

तर या द्रवाला घट्ट व्हायला दोन गोष्टी लागतात: हवेतला ऑक्सिजन नसणं आणि धातू असणं. ऑक्सिजन त्या रसायनाची साखळी जुळू देत नाही. स्क्रू आत गेला की आट्यांच्या फटीत हवा उरत नाही, आणि लोखंड किंवा तांब्याचे सूक्ष्म कण ती साखळी सुरू करून देतात. काचेवर एक थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही ओलाच असेल. तोच थेंब दोन पोलादी पट्ट्यांमध्ये दाबलात तर थोड्या वेळात पट्ट्या सुटणार नाहीत.

यावरून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. बाटली अर्धी रिकामी का असते? कंपनीने फसवलं नाही, आतली हवाच त्या द्रवाला जिवंत ठेवते, आणि बाटलीचं प्लास्टिकही हवा आत झिरपू देणारं असतं. बाटलीचं टोक स्क्रूला टेकवायचं का नाही? धातूचे कण आत गेले तर बाटलीतच गोठायला सुरुवात होते. स्क्रूवरून ओघळलेला थेंब बाटलीत परत का टाकायचा नाही? त्याच कारणाने. आणि बाहेर दिसणारा ओघळ कधीच का सुकत नाही, याचंही उत्तर हेच. तो पुसूनच टाकायचा असतो.

एअरगनवाल्यांना यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे धातू-धातूतला फरक. साधं पोलाद आणि पितळ यांच्यावर लॉकटाइट लवकर धरतं. स्टेनलेस, जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू आणि ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम यांच्यावर ते आळशी असतं, कारण वर एक निष्क्रिय थर असतो. दुर्बिणीचे माउंट बहुतेक ॲनोडाइज केलेले, त्यात स्क्रू स्टेनलेस. म्हणजे तिथे तासाभरात हात लावून "धरलं नाही" म्हणत दुसरा थेंब घालणं चूक. चोवीस तास द्यायचे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या रात्री दहा अंशांच्या आसपास जातात तेव्हा मी दोन दिवस देतो, कारण कंपन्यांचे चोवीस तास हे साधारण २२ अंशांचे असतात. शनिवारी संध्याकाळी लावलंत तर सोमवारी संध्याकाळी रेंजवर, हा माझा हिवाळ्यातला हिशेब.

जांभळं, निळं, लाल, आणि एक गैरसमज

पुण्यातल्या बोहरी आळीतल्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात थ्रेडलॉकर मागितलंत तर पहिला प्रश्न येतो, निळं का लाल? जांभळं बहुधा मागवून घ्यावं लागतं. एअरगनसाठी सगळ्यात कामाचं नेमकं तेच.

लॉकटाइटचे आकडे बघू. २२२ जांभळं, कमी ताकदीचं. २४३ निळं, मध्यम म्हणून ओळखलं जाणारं. २६३ लाल, जास्त ताकदीचं. कंपनी हे पोलादी एम १० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टवर तपासते आणि न आवळता फक्त चिकटवलेला बोल्ट सुटायला किती पीळ लागतो ते देते. २२२ ला सुमारे ६ न्यूटन-मीटर, २४३ ला सुमारे २६, आणि २६३ ला सुमारे ३३. आकडे पुन्हा वाचा. निळ्याला आपण "मधलं" म्हणतो, पण ते मध्ये नाहीच. ते लालला खेटून उभं आहे, आणि जांभळं खूप खाली. "निळं म्हणजे साध्या पान्याने निघतं" हे वाक्य एम १० बोल्टबद्दल खरं आहे. गाडीच्या, मोटरसायकलच्या बोल्टबद्दल खरं आहे. एअरगनच्या बारीक स्क्रूंबद्दल ते सरळ लागू करता येत नाही, आणि इथेच सगळी गफलत होते.

कारण चावीत आहे. एम १० च्या एलन बोल्टला ८ मिलिमीटरची चावी लागते, म्हणजे आट्यांच्या जाडीच्या ८० टक्के. आता डोकं नसलेला एम ३ चा ग्रब स्क्रू घ्या, जो नळीच्या तोंडाशी, साइटमध्ये (नेम धरायच्या साधनात), ट्रिगरमध्ये असतो. त्याला लागते दीड मिलिमीटरची चावी. जाडीच्या निम्मी. पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते: ०.८ चा घन साधारण ०.५१, आणि ०.५ चा ०.१२५. म्हणजे स्क्रूच्या मानाने बघितलं तर त्या छोट्या चावीची ताकद चौपट कमी. त्यात ग्रब स्क्रू अख्खाच्या अख्खा आट्यांत बुडालेला असतो, त्यामुळे चिकटायची जागा जास्त. चिकटलं जास्त, सोडवायचं हत्यार चौपट कमकुवत. निळं लॉकटाइट तिथे लालसारखं वागतं ते यामुळे, आणि चावी गरकन फिरून भोक गोल होतं तेही यामुळे.

म्हणून माझा नियम रंगाचा नाही. आधी स्क्रूच्या चावीची जाडी बघतो. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चावी असेल, किंवा खाच मारलेलं छोटं डोकं असेल, तर फक्त जांभळं. चार-पाच मिलिमीटरची चावी आणि पोलादी आटे असतील तर निळं. लाल बाटली मी एअरगनच्या टेबलावर ठेवतच नाही. लाल सोडवायला तो भाग सुमारे २५० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. एवढ्या तापमानाला लाकूड काळं पडतं, रबरी ओ-रिंग कामातून जाते, ॲनोडाइजचा रंग उडू शकतो. जो उपाय उलटवायला रायफलच धोक्यात घालावी लागते, तो करायचाच कशाला?

रंगांबद्दल एक सावधगिरी. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळ्या अर्थाचा असू शकतो, आणि लॉकटाइटची बाटली तर आत काहीही असलं तरी लालच असते. आतल्या द्रवाचा रंग, त्याहीपेक्षा बाटलीवरचा आकडा वाचा. २९० म्हणून एक हिरवं येतं, ते आधीच आवळलेल्या स्क्रूच्या आट्यांत आपोआप झिरपतं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण एअरगनमध्ये ते कुठपर्यंत झिरपेल यावर आपला ताबा राहत नाही. ट्रिगरजवळ तर नकोच नको.

कुठे लावायचं आणि कुठे हात आखडायचा

दस्त्याचे स्क्रू, एम ५ किंवा एम ६: रेघ तुटत असेल तर निळं, एक थेंब. ते पोलादी भागात जातात, चावी दणकट असते, सर्व्हिसिंगला उघडावे लागतात. निळ्याचं घर हेच.

दुर्बिणीच्या माउंटचे पट्टीवर पकडणारे स्क्रू: जांभळं. दुर्बिणीभोवतीच्या कड्यांचे स्क्रू: मी काहीच लावत नाही. ते बारीक असतात, दुर्बीण पुढे-मागे करायला पुन्हा पुन्हा उघडावे लागतात, आणि नीट आवळले तर सहसा धरतात. इथे आणखी एक गोम आहे. लॉकटाइट ओलं असताना तेलासारखं काम करतं. त्याच जोराने आवळलेला ओला स्क्रू कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो. कड्यांना साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात. लॉकटाइट लावून तेवढाच जोर दिलात तर दुर्बिणीची नळी चेपू शकते, आणि आतून चेपलेली दुर्बीण वरून ठणठणीत दिसते.

ट्रिगर. इथे मी कळकळीने सांगतो, कारण हा नेमाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. जोडलेल्या ट्रिगरमध्ये वरून थेंब सोडू नका, कधीच. तो स्क्रूवर थांबत नाही, पिस्टन अडवून धरणाऱ्या बारीक खाचेपर्यंत ओघळतो. तिथे दोन धातू घट्ट टेकलेले असतात आणि हवा नसते, म्हणजे घट्ट व्हायला सगळी सोय तयार. मग घोडा पूर्ण परत येत नाही, अर्धवट अडकतो, आणि रायफल बंद करताना किंवा आपटल्यावर आपोआप सुटू शकते. ॲडजस्टमेंटचा स्क्रू सरकतच असेल तर तो पूर्ण बाहेर काढून, पुसून, मधल्या आट्यांवर टाचणीच्या टोकावर राहील एवढं जांभळं लावून, परत बसवून, ओघळ पुसून घ्यायचा. आणि ज्या स्क्रूवर कारखान्याने रंगाचा ठिपका मारून सील केलंय त्याला हातच लावायचा नाही. बऱ्याचदा स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. तो धरूनही ठेवतो, आणि फिरला तर दाखवूनही देतो.

दाबलेल्या हवेच्या रायफली: सिलिंडर, वॉल्व्ह, हवा भरायचं तोंड, गेज, यांच्या आट्यांना लॉकटाइट नाही. कुठलंच नाही. स्पर्धेच्या रायफलीत साधारण २०० बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभर पट. तिथली हवा आटे अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते. लॉकटाइटने गळती थांबत नाही, द्रव आत जाऊन हवेचा बारीक मार्ग मात्र तुंबतो. आणि चिकटलेला भाग सोडवायला पुढे कुणीतरी पाना लावून लोंबकळणार किंवा उष्णता देणार, आत दाब असताना. ते चित्र मला डोळ्यांसमोरसुद्धा नको. स्पर्धेच्या नियमांत सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे आणि ती बघणं खेळाडूची जबाबदारी आहे. मुदत संपलेल्या सिलिंडरवर कुठलीच डागडुजी करायची नसते.

प्लास्टिक. हा द्रव काही प्लास्टिकला तडे पाडतो. पॉलिकार्बोनेट, एबीएस, ॲक्रिलिक यांना तर नक्की. तडा लगेच दिसत नाही, ताण असलेल्या जागी हळूहळू उमटतो. शिवाय प्लास्टिकच्या आट्यांत धातू नाही, म्हणजे द्रव धड घट्टही होत नाही. रेड डॉट साइटच्या बॅटरीच्या झाकणाला, प्लास्टिकच्या ट्रिगर-गार्डला तो लावू नका. तिथे फेव्हिक्विकही नको. झटपट चिकटणाऱ्या त्या द्रवाची वाफ शेजारच्या काचेवर पांढरट धुरकट थर बसवते, आणि हिसका बसला की तो ठिसूळपणे तुटतो.

लावायची रीत

रायफल रिकामी, स्प्रिंग सैल, हवेची असेल तर सिलिंडर काढून ठेवलेला. स्क्रू पूर्ण बाहेर. आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडाच्या टोकाने पुसा, आतले आटे कानात घालायच्या काडीने. २४३ थोडं तेल चालवून घेतं, पण जुनं लॉकटाइट, लाकडाचा भुसा, गंजाची पूड चालवत नाही. अल्कोहोल पूर्ण उडू द्या. स्प्रिंगच्या रायफलीत तेल किंवा ज्वलनशील वाफ पिस्टनच्या पुढच्या पोकळीत गेली तर दाबाच्या उष्णतेने ती आत भडकते, म्हणून भिजवून ओतायचं नाही, पुसायचं. ओ-रिंगच्या आसपास ब्रेक क्लीनरचा फवारा मारू नका.

थेंब काचेच्या तुकड्यावर काढा आणि टूथपिकने उचला. एम ३, एम ४ ला राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. एम ६ ला मोहरीएवढा, फार तर दोन. तो आटे प्रत्यक्षात अडकतात त्या भागात लागायला हवा, डोक्याखाली नाही. भोकाचा तळ बंद असेल तर थेंब स्क्रूवर न लावता भोकाच्या तळाशी सोडा. नाहीतर स्क्रू आत जाताना अडकलेली हवा सगळा द्रव बाहेर ढकलते आणि तुम्हाला वाटतं भरपूर लागलंय. हातमोजे घाला, या रसायनाची कातडीला ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की जात नाही. मग एका दमात आवळा. अर्ध्या तासाने "जरा आणखी" म्हणून पिळायचं नाही, तेवढ्यात धरायला लागलेली साखळी तुटते.

काढायची वेळ आली तर आधी नवीन, कडा तीक्ष्ण असलेली चावी घ्या. झिजलेल्या चावीने केलेला पहिला प्रयत्नच भोक बिघडवतो. स्क्रू हलत नसेल तर सोल्डरिंग गनचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यात दीड-दोन मिनिटं टेकवून ठेवा आणि गरम असतानाच फिरवा. हीट गन आणि गॅसची ज्योत लांब ठेवा, ती स्क्रूबरोबर सगळं शेजार तापवते. दुर्बीण आधी उतरवून ठेवा. आणि सिलिंडर बसवलेल्या रायफलीला उष्णता द्यायचीच नाही.

त्या मुलीच्या माउंटचे चार स्क्रू मी असेच सोल्डरिंग गनने काढले. एकाचं भोक पार गोल झालं होतं, त्यात तारकेच्या आकाराचा बिट हलकेच ठोकून तो सोडवावा लागला. नवे स्क्रू टाकले, जांभळ्याचा एकेक दाणा, आणि दुर्बिणीच्या कड्यांना कोरडेच ठेवले. डोक्यांवर पांढऱ्या रेघा तिच्याकडूनच ओढून घेतल्या. दिवाळीनंतर ती पुन्हा आली तेव्हा रायफल दाखवायच्या आधी तिने मोबाइलवर फोटो दाखवला: दर रविवारी काढलेला, त्याच कोनातून, चारही रेघा सलग. दस्त्याच्या पुढच्या एका स्क्रूची रेघ मात्र तुटली होती. म्हणाली, "काका, हा फिरलाय. हा निळ्याचा ना?"

हो, तो निळ्याचा होता.